क्लबचा चॅरिटी कॉन्सर्ट: स्टेजच्या मागची बाजू (माझा अनुभव)

आमच्या क्लबचा वर्षातून एकदा मोकळ्या मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम असतो, तिकिटं आणि देणग्यांतून जे जमेल ते एखाद्या संस्थेला द्यायचं. इतकी वर्षं मी फक्त खुर्च्या मोजायला आणि गेटवर हाताला पट्ट्या बांधायला असायचे, यंदा संयोजनाची फाइल माझ्याकडे आली. आली म्हणजे काय, मीटिंगमध्ये "कोण घेतंय" म्हटल्यावर सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले आणि मी तेवढी मान वर करून बसलेले. पुढे कोणाच्या गळ्यात ही माळ पडली तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय. गाण्यांबद्दल यात फारसं काही नाही, कलाकार मंडळी आपलं काम चोख करतात. डोकं खातात त्या दोन गोष्टी, पैसा आणि आवाज, दोन्ही सोडले की नको तिथे जातात.

पैसा आधी सांगते. यंदा मदत द्यायची होती अंध मुलांच्या एका शाळेला, ब्रेल छापायचं मशीन घ्यायला. अर्ध्या कमिटीचं म्हणणं होतं आधी कार्यक्रम तर होऊ दे, किती जमतंय बघू आणि मग ठरवू कसं द्यायचं. आमचे खजिनदार काका यावर जाम अडून बसले, पैशाची वाट कागदावर ठरल्याशिवाय तिकीट छापायचं नाही म्हणाले. आणि मग त्यांनी 1971 ची गोष्ट काढली. सतारवादक रविशंकर आणि बीटल्स बँडचे जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 1 ऑगस्टला कॉन्सर्ट केला, एका दिवसात दोन शो, तिकिटांचे 2,43,418 डॉलर युनिसेफला गेले पण. मात्र नंतरच्या रेकॉर्ड आणि सिनेमाचे जे त्याहून कितीतरी जास्त पैसे होते ते अमेरिकेच्या टॅक्सखात्यात वर्षानुवर्षं अडकले, कारण करमाफीची कागदपत्रं आधी केली नव्हती. "एवढ्या मोठ्या माणसांचे अडकले, आपण कोण लागून गेलो," काका म्हणाले, आणि विषय संपला.

मग शाळेबरोबर साधं एक पानी पत्र केलं, पैसे कोणत्या खात्यात, कशासाठी, मशीनपेक्षा जास्त जमले तर काय आणि कमी जमले तर काय. हे "कमी जमले तर" कोणी लिहीत नाही बरं का, अपशकुन वाटतो लोकांना, पण तेच वाक्य नंतर भांडण वाचवतं. तिकिटावर काय छापायचं यावर तर एक अख्खी संध्याकाळ गेली. कोणीतरी लिहून आणलं होतं "सर्व रक्कम शाळेस", आता मंडप, साउंड, जनरेटर यांचे पैसे तिकिटातूनच जाणार असतील तर हे वाक्य सरळ खोटं आहे ना. शेवटी ठरलं की खर्च प्रायोजकांकडून भागवायचा आणि तिकीट आणि दानपेटी दोन्हीला हात लावायचा नाही, मग तेच वाक्य खरं झालं. एका प्रायोजकाने अगदी शेवटच्या आठवड्यात हात वर केले, बॅनरचं माप त्यांना हवं तेवढं मिळालं नाही म्हणून, तेव्हा जो घाम फुटला तो विचारू नका. तरी वाक्य बदललं नाही, बाकी दोघांना गळ घालून भरून काढलं.

परवानग्यांचं सगळं लिहीत बसत नाही, जागेचा मालक, पोलीस, आवाज, आग, रुग्णवाहिका, विमा, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे असतात, आपल्याकडचे बघावेत. एकच सांगते कारण यावर बहुतेकांचा गैरसमज असतो. कार्यक्रम चॅरिटीचा आहे आणि गायक फुकट गातायत म्हणून दुसऱ्याची गाणी वाजवायचं लायसन्स आपोआप माफ होत नाही. गायकाने मानधन सोडलं, पण ज्याने गाणं लिहिलं आणि चाल लावली त्याने काहीच सोडलेलं नसतं. कुठे सूट असते कुठे नसते, आधी विचारून घ्यायचं आणि गाण्यांची यादी वेळेत द्यायची. यादी कलाकारांकडून वेळेत मिळवणं हे वेगळंच प्रकरण, त्यावर नंतर कधीतरी.

आता आवाज. दरवर्षीची तक्रार ठरलेली, मागच्यांना ऐकू येत नाही आणि पुढच्यांचे कान फुटतात. यंदाचे साउंडवाले दादा मात्र वेगळे निघाले, आल्या आल्या त्यांनी मैदान पावलांनी मोजलं आणि मला बसवून समजावलं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने पडतो. म्हणजे मागच्या रांगेसाठी स्टेजवरचे स्पीकर वाढवत गेलात तर पुढे बसलेल्या लहान मुलांचं काय होणार? जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सांगितली ती 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबल, आणि आमचे आधीचे कार्यक्रम पहिल्या रांगेत त्याच्या पुढे गेले असणार याची मला आता खात्रीच आहे.

दादांचा उपाय म्हणजे मैदानाच्या मध्यावर स्पीकरची आणखी एक जोडी. पण ती नुसती लावून चालत नाही, तारेतून सिग्नल लगेच पोचतो आणि हवेतून आवाज सेकंदाला साधारण 345 मीटरने जातो, मग 50 मीटरवर बसलेल्या माणसाला आधी जवळचा स्पीकर ऐकू येतो आणि स्टेजचा आवाज सुमारे 145 मिलिसेकंद मागून येतो, प्रत्येक शब्द दोनदा. म्हणून मधल्या जोडीला तेवढा उशीर मुद्दाम द्यायचा, वर अजून 10-15 मिलिसेकंद, म्हणजे कानाला वाटतं आवाज स्टेजवरूनच येतोय. दादांनी आधी उशीर न देता आणि मग देऊन ऐकवलं, मी मध्ये उभी होते आणि समोर एक मुलगा नुसता "एक दोन तीन, एक दोन तीन" म्हणत होता, आणि खरंच सांगते, उशीर दिल्याबरोबर जवळचा स्पीकर जसा काही बंद झाला. बंद नव्हता, जाऊन कान लावून बघितलं मी.

साउंडचेकची, म्हणजे कार्यक्रमाआधी प्रत्येकाचा माइक आणि आवाज लावून बघायची, पण एक गंमत. जो शेवटी गाणार त्याचा चेक सगळ्यात आधी, आणि जो पहिला गाणार त्याचा सगळ्यात शेवटी, म्हणजे कार्यक्रम सुरू होताना पहिल्याचं सगळं जागच्या जागी लागलेलं असतं. हे कलाकारांना पटवणं अवघड, कारण शेवटी गाणारे नेमके मोठे असतात आणि त्यांना दुपारी उन्हात बोलवायचं म्हणजे फोन करणाऱ्याची परीक्षा. आमच्या सेक्रेटरी वहिनींनी ते काम केलं, मला जमलं नसतं.

जनरेटरवर जे लिहिलेलं असतं ते केव्हीए, किलोवॅट नव्हे, प्रत्यक्ष वापरता येते ती वीज त्याहून कमी, 62.5 केव्हीएचा म्हणजे धरून चाला 50 किलोवॅट. लाइट आणि साउंड शक्यतो वेगळ्या जनरेटरवर, नाहीतर लाइट मंद केले की स्पीकरमधून गुणगुण सुरू. एका इलेक्ट्रिशियनने ती घालवायला साउंडच्या मिक्सरच्या (सगळे माइक जोडतात ते यंत्र) प्लगचा अर्थिंगचा पिन काढून टाकायला घेतला होता, तेव्हा दादा जे ओरडले ते माइक नसतानाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं असेल. माइक हातात धरून ओठांना लावतात लोक, तिथे अर्थिंग काढायचं?

वाऱ्याकडे आमचं कधीच लक्ष नसायचं. स्टेजच्या मागे जे मोठं फ्लेक्स लावतो ते वाऱ्यात शिडासारखं भरतं आणि अख्खा सांगाडा ओढतं. अमेरिकेत 2011 मध्ये इंडियाना स्टेट फेअरमध्ये कार्यक्रमाआधी वादळी वाऱ्याने स्टेजचं छत कोसळून 7 माणसं गेली, आणि नंतरच्या चौकशीत हेही निघालं की कार्यक्रम थांबवायचा अधिकार नक्की कोणाचा हेच स्पष्ट नव्हतं. ते वाचल्यावर मी मीटिंगमध्ये एकच मागितलं, थांबवणारी व्यक्ती एकच असेल, तिचं नाव लिहून ठेवा आणि ती अध्यक्ष नसावी, कारण अध्यक्षांना पाहुण्यांचं तोंड बघावं लागतं. मंडपवाल्यांकडून किती वाऱ्यापर्यंत सांगाडा चालेल ते लेखी घेतलं, फ्लेक्सऐवजी जाळीचं कापड लावलं. विजेचं पण ठरवून टाकलं, वीज दिसल्यावर 30 सेकंदांच्या आत गडगडाट आला तर स्टेज रिकामं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं परत चढायचं नाही. तुरळक थेंब सोडले तर काही झालं नाही म्हणा, तरी मिक्सरवर ताडपत्री धरून दोन पोरं अर्धा कार्यक्रम उभी होती, त्यांनी एकही गाणं धड ऐकलं नसेल.

कार्यक्रम रंगला. आणि अंधार पडल्यावर बऱ्याच लांबच्या एका सोसायटीतून फोन आला, आवाज फार येतोय. दुपारी चेक चालू असताना तिथे आमचा माणूस उभा होता, त्याला काही ऐकू आलं नव्हतं. म्हटलं हे खोडसाळ दिसतायत. दादा म्हणाले नाही ताई, खरं असेल. दिवसा जमीन तापलेली असते, आवाज वर वळतो. ऊन उतरलं की जमिनीजवळची हवा आधी गार होते आणि तोच आवाज वरून खाली वाकून लांब पोचतो, शिवाय वारा पण तिकडेच होता. त्यात ढम ढम सगळ्यात लांब जातं, खिडक्या लावून ते थांबत नाही. त्यांनी फक्त बेसचे स्पीकर कमी केले, समोर बसलेल्या कोणाला पत्ताही लागला नाही, आणि फोनवरच्या बाईंना मी परत फोन करून विचारलं तर म्हणाल्या आता ठीक आहे, आणि ते मधलं गाणं छान झालं.

दानपेट्या गेटवर सीलबंद होत्या, त्या मैदान सोडायच्या आधी, टेबलावर, तिघांसमोर उघडल्या. मोजणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनी त्याच कागदावर सह्या केल्या. "उद्या सकाळी निवांत मोजू" म्हणणारे चांगलेच लोक असतात, तरी नाही म्हणायचं. मोबाइलवरून आलेले पैसे फक्त क्लबच्या खात्याच्या क्यूआरवर घेतले. एका उत्साही सभासदाने "माझ्यावर पाठवा मी देतो" म्हणून लोकांना सांगायला सुरुवात केली होती, त्याला काकांनी हाताला धरून चहाच्या स्टॉलवर नेऊन बसवलं. हिशेबाचं पान नोटीस बोर्डावर लावलं, खर्चाची बाजू पण, हात वर केलेल्या प्रायोजकाचं नाव न लिहिता.

मशीन पुरेल एवढे जमले, वर थोडे उरले. पत्रात आधीच लिहिलेलं होतं त्याप्रमाणे उरलेल्यातून कागद घेतला, ब्रेलला जाड कागद लागतो, साध्या कागदावर ठिपके टिकत नाहीत, हे शाळेनेच पत्र करताना सांगितलं होतं. मशीन बसल्यावर आम्ही बघायला गेलो. बटण दाबलं आणि ते जे खडखडायला लागलं, बोलणं ऐकू येईना, ठिपके ठोकून उमटवायचे म्हणजे आवाज होणारच म्हणा. शेजारच्या वर्गातल्या बाई दार उघडून बघून गेल्या. मुख्याध्यापक जरा संकोचून म्हणाले, याच्यावर आवाज दाबायची पेटी मिळते, पुढच्या वर्षी जमलं तर बघा.

यादीत लिहून घेतलंय. साउंडवाल्या दादांना फोन करून विचारलं घरीच बनवता येईल का, ते म्हणाले आधी खोली दाखवा.