चार वर्षं मी ट्यूब लावत राहिलो

न्हाणीघराच्या फळीवर, दाढीच्या सामानामागे, मी ती ट्यूब ठेवायचो. संपली की रिकामी ट्यूब मेडिकलच्या काउंटरवर ठेवायची, म्हणजे कुठे लावायची ते कोणी विचारत नाही.

अंडकोशाच्या डाव्या बाजूला लाल चट्टा होता, आधी आठ आण्याएवढा. खाज यायची, ट्यूब लावली की आठवडाभर बरं वाटायचं. जांघेतला नायटा समजून मी चार वर्षं काढली. त्या मलमात बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइडही होतं, म्हणून खाज दबायची. चट्टा मात्र आत वाढतच होता. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही दोनदा न तपासताच तेच लिहून दिलं. मीही दाखवतो म्हटलं नाही.

एके दिवशी कपडे धुताना हिने विचारलं, "अहो, हे डाग कसले?" त्या रात्री पहिल्यांदा मी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊनच त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली.

त्यांनी उजेडात नीट पाहिलं. चट्टा ओलसर लाल, मध्ये पांढरट पापुद्रे, कड अगदी स्पष्ट. म्हणाले, "इतकी औषधं लावून जात नाही, तर तुकडा तपासायलाच हवा." जागा बधिर करून चार मिलिमीटरचा तुकडा काढला. मुंगी चावल्याइतकं दुखलं.

रिपोर्ट आला: एक्स्ट्रामॅमरी पॅजेट डिसीज. लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये स्तनाग्रावरचा असा आजार वर्णिला, आणि १८८९ मध्ये क्रॉकर यांनी तोच अंडकोश आणि लिंगावर नोंदवला. कातडीच्या वरच्या थरात मोठ्या, फिकट पेशी पसरत जातात. दुर्मिळ कॅन्सर, पण बहुतेकदा सावकाश वाढणारा. डॉक्टरांनी हिच्यासमोर स्पष्ट सांगितलं, "हा गुप्तरोग नाही, कोणाकडून लागलेला नाही." ते ऐकून मला रडू आलं. चार वर्षं मला त्याचीच भीती होती.

काही जणांत सोबत आतला कॅन्सर निघतो, म्हणून आधी प्रोस्टेट, मूत्राशय, मोठं आतडं तपासलं. सगळं स्वच्छ निघालं. मग ऑपरेशन. या पेशी डोळ्यांना दिसतं त्याच्याही पलीकडे गेलेल्या असतात, त्यामुळे मी टेबलावर असतानाच कडेचे तुकडे पॅथॉलॉजीत गेले. एका बाजूची कड स्वच्छ आली नाही, तिथे पुन्हा कापलं. उघड्या जागेवर मांडीची कातडी लावली. खरं सांगतो, खालच्या जखमेपेक्षा मांडीच जास्त दुखली. पंखा लागला तरी आग व्हायची. चड्डीऐवजी जुनं धोतर नेसून दोन आठवडे काढले, ड्रेसिंग हीच करायची.

हा आजार परत येऊ शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो. आता ही बाहेर बसत नाही, आत येते. मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारायच्या आधी तीच म्हणाली, "कडेला उजवीकडे जरा लाल वाटतंय, नीट बघा." त्यांनी भिंग लावून पाहिलं. घामाचं पुरळ होतं.