तुम्ही विचारलंत म्हणून: ४८ तासांत खेळ पुरा कसा होतो?

आकार जुळवण्याचा माझा छोटा खेळ ज्यांनी फोनवर खेळून पाहिला आहे, त्यांच्यापैकी बहुतेक जण भेटल्यावर एकच प्रश्न विचारतात: ‘अवघ्या ४८ तासांत आणि तेही एकटीने, हे पूर्ण कसे केले?’ दोन दिवस न झोपता मी भराभर कोड लिहीत बसले असेन, अशी त्यामागची समजूत असते. प्रत्यक्षात मी दोन्ही रात्री पाच-पाच तास झोपले. कोड लिहिण्यात गेलेला वेळ एकंदरीत थोडाच होता. बाकीचा सगळा वेळ काय करायचे नाही हे ठरवण्यात गेला आणि ते ठरवणेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. उभी पाच आणि आडवी पाच अशा २५ घरांचा एक पट असतो. खाली तीन, चार किंवा पाच घरांचे तुकडे ठेवलेले असतात आणि ते एकेक उचलून पट पूर्ण भरायचा असतो. हा खेळ मी एका गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक मुदतीत खेळ बनवण्याच्या स्पर्धेत केला. २००२ साली सुरू झालेल्या लुडम डेअर या ऑनलाइन जॅममुळे आणि २००९ पासून भरणाऱ्या ग्लोबल गेम जॅममुळे ४८ तासांची ही रीत जगभर रुळली आहे. आमची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहा ते रविवारी संध्याकाळी सहा अशी होती.

माझी पहिली कल्पना निराळी होती. चार सारखे चौकोन कडेला कड लावून जोडले, तर उलटे-सुलटे आणि फिरवलेले आकार एकच मानून एकूण पाच आकार तयार होतात. पाच आकारांची मिळून २० घरे होतात, म्हणून चार बाय पाचचा पट त्यांनी बरोबर भरेल, असे मी गृहीत धरले आणि सगळ्या मांडण्या तपासणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याने क्षणार्धात उत्तर दिले: शून्य. माझा त्यावर विश्वास बसला नाही. कोडमध्येच चूक असणार, असे समजून मी ती शोधत राहिले आणि ४८ पैकी तीन तास तिथे गेले. रात्री दहाच्या सुमारास मी लॅपटॉप बाजूला ठेवला, गणिताची चौकटीची वही काढली आणि बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक घर पेन्सिलीने काळे केले. चार बाय पाचच्या पटात दहा काळी आणि दहा पांढरी घरे येतात. पाचपैकी चार आकार कुठेही ठेवले तरी दोन काळी आणि दोन पांढरी घरे झाकतात. इंग्रजी टी अक्षरासारखा आकार मात्र नेहमी एका रंगाची तीन आणि दुसऱ्या रंगाचे एक घर झाकतो. त्यामुळे पाचांची बेरीज ११ आणि ९ अशीच होते, दहा-दहा कधीच होत नाही. प्रोग्रॅम बरोबर होता. मी मांडलेले कोडेच सुटणारे नव्हते.

वहीचे ते पान मी अजून जपून ठेवले आहे, कारण पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्याने बदलली. तुकडे आधी ठरवून ते पटावर बसतात का हे पाहण्याऐवजी मी भरलेला पट घेतला आणि त्याचेच तुकडे पाडायला सुरुवात केली. एक घर निवडायचे, त्याला शेजारचे घर जोडायचे, तीन ते पाच घरे झाली की तो तुकडा वेगळा करायचा आणि एखादे एकटे घर अडकून राहिले तर तो पट टाकून द्यायचा. अशा रीतीने तयार झालेल्या कोड्याला किमान एक उत्तर असतेच, ते वेगळे सिद्ध करावे लागत नाही. शनिवारी सकाळी अकरापर्यंत माझ्याकडे शेकडो कोडी तयार होती.

त्यांतून मी हाताने १२ निवडली आणि या निवडीत मला फार शिकायला मिळाले. सरळ पट्टी सोपी आणि अधिक चिन्हासारखा वेडावाकडा तुकडा अवघड, असे वाटणे साहजिक आहे. घरे मोजून पाहिली की उलटेच दिसते. २५ घरांच्या पटात तीन घरांची आडवी पट्टी १५ ठिकाणी बसते. अधिक चिन्ह नऊच ठिकाणी बसते आणि त्यांतल्या चार ठिकाणी ते पटाचा कोपरा एकटा पाडते, म्हणून खऱ्या अर्थाने जागा पाचच उरतात. विचित्र दिसणारा तुकडा खेळणाऱ्याला सुरुवात कुठून करायची ते दाखवतो. सरळ तुकडे कुठेही सामावतात आणि म्हणूनच चकवतात.

तुकडे फिरवण्याची सोय मी शनिवारी दुपारी काढून टाकली. गुण, घड्याळ आणि पार्श्वसंगीत यांवरही त्याच वेळी काट मारली. याबाबत मला अलेक्सेई पाजित्नोव यांचा मोठा आधार वाटतो. १९८४ मध्ये मॉस्कोत टेट्रिस हा वरून पडणारे तुकडे जुळवण्याचा खेळ घडवताना त्यांनी आधी पाच चौकोनांचे १२ आकार घेऊन पाहिले होते. ते फार होतात हे लक्षात आल्यावर ते चार चौकोनांच्या सात आकारांवर आले (मी मोजलेल्या पाचांतले आरशातले उलटे आकार वेगळे धरले की सात होतात). त्यांच्या इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती, त्यामुळे तुकडे अक्षरचिन्हांनी दाखवले जात.

वाचलेला वेळ मी बोटासाठी दिला. शनिवारी संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या हातात फोन दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, तुकडा बोटाखालीच लपतोय. ठेवू कुठे ते दिसायला नको का?” लॅपटॉपवर माउसने खेळून पाहताना ही अडचण मला कधीच जाणवली नव्हती. मग उचललेला तुकडा बोटाच्या दीड घर वर तरंगेल असे केले आणि जागेपासून अर्ध्या घराच्या आत सोडला तर तो आपोआप नीट सरकून बसेल अशी व्यवस्था केली. वाचताना हे किरकोळ वाटेल, पण या दोन गोष्टींना सहा तास लागले.

काकूंनीच दुसरी चूकही दाखवली. त्यांनी पट पूर्ण भरला आणि तरी खेळ पुढे सरकेना. पट कापताना जे उत्तर साठवले होते, त्याच्याशीच मी त्यांची मांडणी ताडून पाहत होते आणि काकूंनी दुसरेच, तितकेच बरोबर उत्तर काढले होते. पाच चौकोनांच्या १२ आकारांनी सहा बाय दहाचा पट २,३३९ प्रकारे भरता येतो हे मला ठाऊक होते, तरी माझ्या छोट्या पटाला एकच उत्तर असेल असे मी धरून चालले होते. त्यानंतर मी फक्त सगळी घरे भरली आहेत की नाहीत एवढेच तपासू लागले. कोड चार ओळींनी कमी झाला.

रविवारी सहाला वीस मिनिटे असताना मी खेळ पाठवला. ‘आणखी एक दिवस मिळाला असता तर काय केले असते?’ असेही काही जण विचारतात. मी कोड्यांचा क्रम पुन्हा लावला असता. सहाव्या कोड्यात दोन सरळ पट्ट्या आणि एक अधिक चिन्ह आहे. खेळणारे आधी पट्ट्या मधोमध ठेवतात, मग अधिक चिन्ह कुठेच बसत नाही आणि अनेक जण तिथेच खेळ सोडतात. ते कोडे दिसायला सुंदर आहे म्हणून मी लवकर घेतले होते. पुढच्या आठवड्यात ते अकराव्या क्रमांकावर नेले.