मनगट मोडल्यानंतरची भाकरी

गेल्या श्रावणात मोरीत पाय घसरला. सगळा भार उजव्या हातावर आला आणि मनगट मोडलं. 6 आठवडे प्लास्टर. माझं वय 72, सोलापुरात एकटीच राहते. लेक म्हणाली, "आई, आता पुण्याला ये. इथे तुला काही करावं लागणार नाही." नेमकं तेच मला नको होतं. तिच्या मायेबद्दल शंका नाही; पण हातातलं काम सुटल्यावर माणूस कसा खचतो, ते मी सासूबाईंच्या शेवटच्या वर्षांत पाहिलंय.

प्लास्टर निघालं तेव्हा बोटं सुजलेली, मनगट आखडलेलं. चहाचं पातेलं उचलायला गेले तर अशी कळ आली की ते तसंच खाली ठेवलं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आजी, घरातलं कोणतं काम आधी यायला हवंय?" मी म्हटलं, "भाकरी." काही दिवस त्यांनी स्पंजचा चेंडू दाबायला लावला. मग म्हणाल्या, "आता पीठच मळा. पण एकाच भाकरीचं."

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून ते तळहाताने रगडून रगडून मळावं लागतं. तेवढा जोर माझ्या मनगटात राहिला नव्हता. मग मी उकड काढायला लागले. वाटीभर पाणी उकळायचं, चिमूटभर मीठ टाकायचं, गॅस बंद करून वाटीभर पीठ घालायचं, उलथन्याने ढवळून 10 मिनिटं झाकून ठेवायचं. रगडायचं निम्मं काम गरम पाणीच करतं. परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. मी उंच स्टुलावर बसून उजव्या हाताने नुसती थापते, फिरवते डाव्या बोटांनी. आकार पुरीपेक्षा थोडा मोठा, म्हणजे तव्यावर टाकताना हातावर पेलते. पहिल्या तीन मोडल्या. चौथीचा पापुद्रा सुटला, टम्म फुगली, आणि मला रडू आलं.

भाजी चिरायचा प्रश्न वेगळा. गुडघ्यांमुळे विळी आधीच सुटली होती आणि आता सुरी डाव्या हातात गेली. उजव्या हाताला कांदा घट्ट धरता येईना. गल्लीतल्या सुताराला सांगून जुन्या पाटाला खालून दोन न गंजणारे खिळे मारून घेतले, टोकं वर. बटाटा, कांदा त्यात खोचायचा की हलत नाही. काम झालं की टोकांवर बुचं लावून ठेवते.

बाकीचे बदल लहान आहेत. मोठा कुकर माळ्यावर गेला, दीड लिटरचा आला. गरम भांडं उचलत नाही, ओट्यावरून सरकवते. पाण्याच्या माठाला नळ बसवला. मोरीत स्टुलावर बसून आंघोळ करते आणि भिंतीला दांडी लावून घेतली. ही दांडी भिंतीत भोकं पाडून, स्क्रूनेच बसवा. रबराने चिकटणारी माझ्या शेजारणीच्या हातात निघून आली होती. थोडक्यात वाचली बिचारी.

काही कामं मी सोडली आणि त्याचं दुःख नाही. लादी, चादरी, माळा हे सगळं कामाच्या मावशींकडे. भरलेलं सिलिंडर जवळजवळ 30 किलोंचं असतं. आणणारा मुलगाच जोडून देतो, मी त्याच्यासमोर साबणाचं पाणी लावून गळती बघते.

भोगीला लेक आली. बाजरीच्या चार भाकरी तीळ लावून केल्या, मध्ये दोनदा हात शेकून घेतला. ती शेजारी उभी राहून खिळ्यांच्या पाटावर गाजरं, वांगी चिरत होती. तिच्या सासूबाईंचेही हात हल्ली थरथरतात. परत निघताना तिने सुताराचा नंबर मागून घेतला.