दोन काळे पट्टे

शनिवार, रात्र

साताऱ्याच्या घराचा माळा आवरताना मागच्या आठवड्यात सापडलेला व्हिडिओ गेम आज अखेर टेबलावर काढला. बाबांनी १९९६ च्या उन्हाळ्याच्या सुटीत तो दादासाठी आणि माझ्यासाठी आणला होता, आणि दुपारचे जेवण झाल्यापासून आई ओरडेपर्यंत आम्ही दोघे त्याच्यापुढून हलत नसू. यंत्रावरचे नाव केव्हाच पुसले गेले आहे आणि ते असते तरी त्याने फार काही सांगितले नसते, कारण त्या काळात आपल्याकडे घरोघरी असलेली ही यंत्रे बहुतेक एकाच मुळाची होती. जपानमध्ये निन्टेन्डोने १९८३ साली फॅमिकॉम बाजारात आणला, मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली होती, आणि पुढे त्याच्या असंख्य नकला निघाल्या. त्यांतली एक आमच्या घरी आली. आम्हाला तेव्हा फॅमिकॉम हा शब्दही ठाऊक नव्हता. तो फक्त ‘गेम’ होता आणि त्यात घालायची ती ‘कॅसेट’.

माझ्याकडच्या जुन्या टीव्हीला अँटेनाची तार जोडली, चॅनेल जुळवले, आणि चित्र आले. आले याचाच मला इतका आनंद झाला की त्यावरचे दोन जाड काळे आडवे पट्टे सावकाश वर सरकत होते, याच्याकडे मी नीट पाहिलेच नाही. स्पीकरमधून घरघर येत होती. पाच-सात मिनिटांनी चित्र गोठले आणि रंगीत चौकटींचा चिखल झाला. रीसेट दाबले की पुन्हा तेच.

रविवार, दुपार

आज मी जे केले ते लिहून ठेवणे भाग आहे, कारण चूक सर्वस्वी माझी आहे.

यंत्र उघडले. आत तपकिरी रंगाची एक पातळ पाटी, आणि तिच्या मध्यभागी लाखेचा असावा तसा काळा थेंब. मूळ फॅमिकॉममध्ये गणिते करणारी चिप वेगळी आणि चित्र काढणारी वेगळी होती. इथे ते सारे एकाच चिपमध्ये कोंबून वर तो थेंब ओतलेला आहे. त्याच्या आत काही बिघडले तर इलाज नाही, त्यामुळे अशा यंत्राच्या बाबतीत आजूबाजूचे सगळे तपासून झाल्यावरच थेंबावर संशय घ्यायचा असतो. मीही तसेच ठरवले होते आणि मल्टिमीटर घेऊन पहिल्यांदा वीज मोजायला बसलो. अ‍ॅडॉप्टरमधून येणाऱ्या नऊएक व्होल्टांचे नेमके पाच करण्याचे काम ७८०५ नावाचा तीन पायांचा आयसी करतो. त्याच्याकडे आत येणारे ८.१ भरले, बाहेर पडणारे मात्र ४.६. आत पुरेसे येते आहे आणि बाहेर कमी पडते आहे, तेव्हा दोष आयसीचाच, असा निकाल मी दोन मिनिटांत देऊन टाकला. तो बसवलेली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि खालची पाटी उष्णतेने काळवंडलेली होती, तोही मला पुरावाच वाटला.

दुपारी पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. रविवारी बहुतेक दुकाने बंद, एक अर्धवट उघडे होते. दुकानदार काकांनी आयसी काढून देताना एवढेच विचारले, “चित्रावर पट्टे किती दिसतात?” मी ‘दोन’ म्हणालो, पण ते हे का विचारताहेत हे विचारायचे मात्र सुचले नाही. एवढ्या वर्षांचा डाख सहजी सुटत नाही, आणि अशा जुन्या पाटीवर २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचे टोक काही सेकंद जास्त टेकले की तांब्याची पट्टी पाटीपासून सुटते. तिसरा पाय ओढताना नेमके तेच झाले. केसाएवढ्या जाडीची पट्टी पापुद्र्यासारखी उचलली गेली. मग एक बारीक तार वाकवून, दोन्ही टोकांना डाख लावून तो तुटलेला रस्ता जोडला. नवा आयसी बसवला, यंत्र सुरू केले.

दोन काळे पट्टे, सावकाश वर सरकणारे.

रविवार, रात्र उशिरा

काकांच्या प्रश्नाचा अर्थ आत्ता, रात्री साडेअकराला उमगला. आपली घरगुती वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. अ‍ॅडॉप्टरमधले चार डायोड तिची खालची बाजूही वर पलटवतात, म्हणून त्यांच्यापुढे सेकंदाला शंभर उंचवटे आणि त्यांच्यामध्ये शंभर खड्डे तयार होतात. ते खड्डे भरून काढण्याचे काम कपॅसिटरचे. आपल्या टीव्हीवरचे चित्र सेकंदाला पन्नास वेळा रेखले जाते, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला दोन खड्डे येतात, आणि तेच हे दोन पट्टे. डायोड गेला असता तर पट्टा एकच दिसला असता. विजेचे पन्नास आणि यंत्राचे पन्नास तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून पट्टे एका जागी न थांबता सरकत राहतात. दुखणे काय आणि कुठे, हे पडद्याने शनिवारीच मला दाखवले होते, आणि मी मात्र थेट डाख वितळवायला बसलो.

मल्टिमीटरचा खटका एसीवर, म्हणजे नुसता हेलकावा मोजण्यावर फिरवून आयसीच्या आत येणारी वीज पुन्हा मोजली. हेलकावा तब्बल १.३ व्होल्टचा. डीसीवर दिसलेले ८.१ ही केवळ सरासरी होती. ७८०५ ला पाच देण्यासाठी साधारण सात तरी लागतात आणि प्रत्येक खड्ड्यात वीज त्याच्या खाली जात होती. बिचारा जुना आयसी ठणठणीत होता. अ‍ॅडॉप्टर भिंतीपासून काढून, थोडा वेळ तसाच ठेवून उघडला, तर १००० मायक्रोफॅराडच्या कपॅसिटरचा माथा फुगलेला आणि बुडाशी तपकिरी खपली. म्हणजे दोष यंत्रात नव्हताच. मी ते उघडण्याचेही कारण नव्हते.

बुधवार

संध्याकाळी काकांकडून १०५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारा कपॅसिटर आणला आणि बसवला. हेलकावा अर्ध्या व्होल्टवर उतरला, पट्टे गेले. नवा तयार अ‍ॅडॉप्टरच का घेत नाही, असे त्यांनी विचारले, तेव्हा मी यंत्राच्या खोबणीचा कागदावर काढलेला नकाशा दाखवला. यात मूळ फॅमिकॉमप्रमाणेच मधला खिळा ऋण आहे आणि बाहेरचे कडे धन, तर हल्लीच्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये नेमके उलट असते. जुन्या अ‍ॅडॉप्टरवर चिकटपट्टी लावून ‘मध्ये ऋण’ असे ठळक लिहिले. उद्या घाईत मीच चूक करीन.

कॅसेटच्या पितळी दिसणाऱ्या दातांवर काळपट थर होता. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसले, तर कापूस काळा झाला. खोडरबराने घासावे असे अनेक जण सांगतात, पण या स्वस्त कॅसेटवर मुळात मुलामा नावालाच असतो आणि रबर तोही खरवडते. लहानपणी आमचा एकमेव उपाय फुंकर हा होता, आणि दादाची फुंकर माझ्यापेक्षा गुणकारी आहे यावर घरात एकमत होते. वास्तविक गुण येत असे तो कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे, कारण घासले गेले की टेकणी मोकळी होत. फुंकरीतला ओलावा तेवढा मागे राही, आणि हा काळा थर बहुधा आमच्या दोघांच्या श्वासाचाच आहे.

गेमचा रिमोट उघडला तेव्हा हसू आले. रबरी बटणांखालचा कार्बन डाव्या बाणाखाली नवा असल्यासारखा होता, उजव्या बाणाखाली मात्र जवळजवळ गेलेला. मारिओ सतत उजवीकडेच पळतो. उजव्या टेकणीवर तात्पुरती ६बी पेन्सिल घासली आहे. टीव्हीच्या रिमोटवर आई हाच उपाय करते.

तासभर खेळलो. एक गोष्ट आज पहिल्यांदा कळली. हे खेळ जपानमध्ये सेकंदाला साठ चित्रांच्या हिशोबाने लिहिले गेले, आणि आपल्याकडच्या टीव्हीसाठी बनवलेले यंत्र पन्नासच चित्रे दाखवते, म्हणून खेळ आणि त्याची धून दोन्ही एक षष्ठांशाने संथ चालतात. मूळ वेगातली धून मोबाइलवर ऐकली, तर ती मला घाईची आणि परकी वाटली. भाचा म्हणतो की याला सरळ नव्या टीव्हीला जोडता येईल असे करून दे. यंत्रातून चित्राची तार वेगळी काढणे अवघड नाही, पण सोबतची बंदूक काचेच्या जुन्या टीव्हीखेरीज चालत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि लक्ष्याच्या जागी पांढरी चौकट उमटते, ती बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला त्याच क्षणी दिसावी लागते. नवे टीव्ही चित्र दाखवायला जो किंचित वेळ घेतात, तेवढ्यात ती संधी निघून जाते. शिवाय एका रविवारी मी या पाटीवर पुरेसे पराक्रम केले आहेत. तूर्त अँटेनाची तारच राहील.

आवाजातली बारीक घरघर अजून आहे. बंदूक उघडलेली नाही. रात्री दादाला फोन केला आणि टीव्हीचा आवाज वाढवून धून ऐकवली. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, “पहिल्या झटक्यात लागला? फुंकर कोणी मारली?”