पानं कुठे गेली?

"पानं? ती काल जाळली की, सर."

विद्यापीठातल्या खताच्या खड्ड्यापाशी उभ्या माळीमामांचं हे उत्तर सकाळपासून डोक्यातून जात नाही. खड्ड्यातून आंबूस वास, तळाशी काळं पाणी, वर माश्या. मेसचा भात, आमटी, भाजीची देठं, सगळं ओलं एकावर एक. आणि ग्रंथालयामागे रेन ट्रीच्या पानांची राख.

वास येतो हवा कोंडल्यामुळे. भाताचा गोळा होतो, आत ऑक्सिजन पोचत नाही, मग तो कुजायचं सोडून आंबतो. एक बादली ओल्यावर दोन-तीन बादल्या सुकी पानं पडली की मधे पोकळी राहते, कार्बनही मिळतो. मूठभर माल दाबून बघायचा: एखाद-दुसरा थेंब, बस्स. धार लागली तर पानं वाढवा. ढीग मीटरभर तरी हवा, नाहीतर आतून तापत नाही. नीट जमला तर 55 अंशांवर जातो, हात घालवत नाही. आठवड्याला एकदा उलथापालथ. आंब्याची पानं चिवट, ती आधी चुरावी लागतात. रेन ट्रीची बारीक, पटकन कुजणारी. नेमकी तीच जाळली!

5000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारातल्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, हे 2016 च्या घनकचरा नियमांत होतं. म्हणून खड्डे झाले, फलकही लागले. पण खड्डा मेसच्या ठेकेदाराकडे, झाडू बागेच्या ठेकेदाराकडे.

मार्चमधली पानं पोत्यांत भरून पावसाळ्यासाठी कोरडी ठेवायची, हे काम मग नक्की कुणाच्या यादीत?