पिकनचं कलम

दुपारी चहाबरोबर तोंडात टाकायला काहीतरी हवं म्हणून डबे धुंडाळत होते, तर भाचीनं ह्यूस्टनहून आणलेलं पिकनचं पाकीट हाती लागलं. अक्रोडाचा लांबोडका भाऊ. कवचासकट होते, पण दोन मुठीत धरून दाबले की फुटतात. लहानपणी अक्रोड फोडायला आम्हाला दार लागायचं. बिजागरीच्या फटीत अक्रोड, दार ढकलायचं आणि आतून आजीचं "मेल्यांनो, दार मोडाल!"

तीनेक वर्षांपूर्वी भाचीनं मला लुइझियानात मिसिसिपीकाठची ओक अ‍ॅली ही जुन्या ऊसमळ्यावरची हवेली दाखवायला नेलं होतं. समोर २८ ओक, घराला खांबही २८. झाडं घराच्या कितीतरी आधीची. जाक रोमां या ऊसमळेवाल्यानं १८३७ ते ३९ मध्ये घर बांधून घेतलं. भाऊ गव्हर्नर, मेहुणा साखरसम्राट. (हा शब्द तिथं उभ्याउभ्या आठवला आणि मी एकटीच हसले.) बायको न्यू ऑर्लिन्सची, तिचं मन मळ्यावर रमेना. विटा तिथल्याच मातीच्या, गुलामांनी पाडलेल्या.

घर बघून झाल्यावर सगळे फोटोसाठी ओकांखाली पळाले. मी मागच्या झोपड्यांपाशी रेंगाळले, कारण तिथं कलमांची गोष्ट होती. आन्त्वान नावाचा गुलाम माळी. पातळ कवचाच्या पिकनच्या काड्या एका डॉक्टरनं आणून दिल्या, त्याला स्वतःला काही ते जमलं नव्हतं. आन्त्वाननं १८४६ च्या हिवाळ्यात १६ झाडांवर कलमं केली आणि ती जगवली. दोन वर्षांनी मालक गेला, मालमत्तेची यादी झाली. तीत हाही आहे: वय ३८, माळी, पिकनची कलमं करण्यात तरबेज, किंमत १,००० डॉलर. आडनाव नाही. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या पिकनना बक्षीस मिळालं, ते नव्या मालकाच्या नावावर. पुढे बरीचशी झाडं उसाला जागा हवी म्हणून तोडली.

आमच्या आजोळी हापूसची कलमं आहेत. "आजोबांनी लावलेली," असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. आजोबा मला आठवतात ते पडवीत, झोपाळ्यावर, पानाचा डबा शेजारी. झाडापाशी उकिडवा बसलेला असायचा तो दुसराच. भेटकलम बांधायचा. कुंडीतलं बाठ्याचं रोप फांदीपर्यंत उंच करायचं, दोघांची साल तासायची, एकमेकांना चिकटवून केळीच्या सोपटानं आवळायचं, वरून शेणमाती. त्याच्या अंगठ्याच्या नखात ती माती कायम असे. मी बोट पुढे केलं की म्हणायचा, "हात लाव नको गो बाय, रुसात तां." आम्ही त्याला कलमवाला म्हणायचो.

आता त्याला मजुरी मिळायची आणि तो संध्याकाळी आपल्या घरी जायचा. आन्त्वानशी त्याची बरोबरी करणं भलतंच होईल. तरी पिकन खाताखाता मामाला फोन लावला. कलमवाल्याचं नाव काय रे?

"कोण गो, तो? थांब हां... काय बरं..." मग यंदा मोहोर कसा करपला, पेटीला काय भाव येईल, यावर अर्धा तास. फोन ठेवताना पुन्हा विचारलं. नाही आठवलं.

कलमं कुठल्या साली लावली ते मात्र त्याला तोंडपाठ. १९६२.