तीन आधारांचा तक्ता: राजम्याने पुन्हा अडवले

रविवारचा राजमा पुन्हा फसला. कुकरचे झाकण उघडले तेव्हा निम्मे दाणे साल सोडून पाण्यात विरघळू लागले होते आणि त्यांच्याच शेजारचे काही दाणे चमच्याने दाबूनही दबत नव्हते. असा एक दाणा सुरीने मधोमध कापला, तर कडेचा भाग मऊ, पण मध्यभागी खडूसारखा पांढरा, कोरडा ठिपका तसाच शिल्लक होता. धान्य, कडधान्य आणि कांदा-टोमॅटोचे परतण हे तीन आधार आधीच करून ठेवायचे आणि त्यांवर आठवड्याची जेवणे बेतायची, हा आमचा तीन आधारांचा तक्ता. त्यातील बुधवारचा रस्सा, गुरुवारचा डब्यातला थंड पदार्थ आणि शुक्रवारचे सारण या तिन्हींचा भार या एकाच पातेल्यावर असल्याने संपूर्ण आठवडा पहिल्याच दिवशी नव्याने मांडावा लागला. त्यामुळे ही नोंद प्रामुख्याने राजम्याची आहे.

त्याआधी एका यशाची नोंद करणे आवश्यक आहे, कारण ते मनाला फार समाधान देऊन गेले. धान्याच्या आधाराचा, म्हणजे भाताचा, प्रश्न आता सुटला आहे. शीतकपाटात ठेवलेला भात दुसऱ्या दिवशी टणक आणि फडफडीत होतो, ही तक्रार आपल्यापैकी बहुतेकांची होती. शिजलेल्या भातातील स्टार्चची पुन्हा घट्ट रचना होऊ लागते आणि ही क्रिया गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकी शीतकपाटाच्या आतील तापमानाला, सर्वांत वेगाने घडते. उलट उणे १८ अंश सेल्सिअसला ती जवळजवळ थांबते. म्हणून भात शिजताच तो पसरट ताटात पातळ थरात निववून, एका जेवणापुरते चपटे भाग करून थेट फ्रीझरमध्ये ठेवण्याचा क्रम मी सुरू केला. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून वाफेवर तापवल्यावर दाणा ताज्या भातासारखा मोकळा आणि मऊ होतो. भात निववण्यात दिरंगाई मात्र करू नये. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्यातूनही टिकून राहतात आणि भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की वाढीस लागतात. दोन तासांच्या आत तो थंडाव्यात गेलाच पाहिजे.

कांदा-टोमॅटोच्या परतणाविषयी नवे काही सांगण्यासारखे नाही. ते नेहमीप्रमाणे चोख साथ देत आहे.

आता कडधान्याकडे वळतो. काही दाणे गाळ आणि काही टणक, असा प्रकार एकाच पातेल्यात घडतो, तेव्हा शिजवण्याचा वेळ वाढवून उपयोग होत नाही, कारण वाढीव वेळात मऊ दाण्यांचा लगदा होतो. म्हणून प्रश्नाची उकल भिजवण्यापासूनच करायची असे ठरवून उरलेल्या राजम्याचे लहान भाग केले आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून ते शिजवून पाहिले.

पहिला संशय आंबटपणावर होता. टोमॅटो किंवा लिंबाचा रस आधी पडला, तर दाण्यातील पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे पेक्टिन सहज विरघळत नाही आणि दाणा कितीही वेळ उकळला तरी घट्ट राहतो. पण आपल्या पद्धतीत कडधान्य साध्या पाण्यात शिजते व परतण नंतर मिसळले जाते, तेव्हा हा संशय लगेच गळून पडला.

दुसरा संशय पाण्यावर होता आणि त्यात मात्र तथ्य निघाले. आमच्या नळाच्या पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर साचतो, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर आहेत. हे क्षार सालीतील पेक्टिनला अधिक घट्ट बांधतात. हेच पाणी आधी उकळून, निवळू देऊन वरचे पाणी घेतले, तेव्हा साल स्पष्टपणे नरम झाली. उकळल्यामुळे क्षारांचा एक भाग तळाशी बसतो, सगळा नव्हे, हेही लक्षात ठेवावे. याहून सोपा उपाय मिठाचा ठरला. एक लिटर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम मीठ घालून त्यात दाणे रात्रभर भिजवले, तर मिठातील सोडियम सालीतील कॅल्शियमची जागा घेते आणि साल एकसारखी मऊ होऊन सहसा फुटत नाही. मिठाने कडधान्य शिजत नाही, हा समज अजूनही अनेक घरांत आहे. भिजवण्याच्या पाण्यापुरता तरी तो मनातून काढून टाकावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

इतके करूनही खडूसारखा ठिपका असलेले दाणे राहिलेच. मग भिजवून झाल्यावर पाणी काढून दाणे पांढऱ्या कापडावर पसरले आणि उजेडात निरखून पाहिले. बहुतेक दाणे फुगून गुळगुळीत झाले होते. थोडे दाणे मात्र कोरड्या दाण्याइतकेच लहान, चकचकीत आणि कडक होते. हे गणंग. त्यांची साल पाणी आत शिरूच देत नाही, त्यामुळे त्यांना मीठ, सोडा किंवा वाढीव शिट्ट्या यांपैकी कशाचाही फरक पडत नाही. ते हाताने वेचून काढले.

वेचून काढल्यावरही उरलेल्या दाण्यांत दोन प्रकार दिसले: काही गडद, काही किंचित फिकट. दोन्ही सारखेच फुगले होते, पण गडद दाणे वेगळे शिजवले, तेव्हा त्यांना फिकट दाण्यांहून कितीतरी अधिक वेळ लागला. इथे उलगडा झाला. कडधान्य दमट आणि उष्ण जागी फार काळ साठवले गेले की ते पाणी व्यवस्थित शोषते, पण शिजताना मऊ होत नाही. शिवाय साठवणीत त्याचा रंगही गडद होत जातो. गणंग दाणा फुगतच नाही, जुना दाणा फुगतो पण शिजत नाही. हे दोन वेगळे दोष आहेत आणि आपण आजवर त्यांना एकच समजत आलो. आमच्या नेहमीच्या पुरवठादाराकडे सुटे कडधान्य मोठ्या डब्यातून मिळते आणि जुन्या साठ्यावरच नवा माल ओतला जात असावा, असे या मिश्रणावरून दिसते. सुटा माल कितीही चांगला दिसला, तरी साप्ताहिक तक्त्यासाठी पॅकिंगची तारीख छापलेली बंद पिशवीच घ्यावी, अशा निष्कर्षावर मी आलो आहे. ती तारीख कापणीची नसते, पण निदान एका पिशवीतले दाणे बहुधा एकाच साठ्यातले असतात.

जुन्या दाण्यांसाठी खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. लिटरभर पाण्याला पाव चहाचा चमचा पुरेसा आहे; त्याहून अधिक झाला की साबणासारखी चव येते आणि साल गळते. कुकरमध्ये पूर्ण दाबाला पाण्याचे तापमान १२० अंशांच्या आसपास पोहोचते, त्यामुळे कुकर आणि चिमूटभर सोडा ही जोडी जुन्या मालालाही नमवते. मंद आचेच्या विद्युत भांड्याचा मोह मात्र राजम्यासाठी टाळावा. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचे विषारी प्रथिन असते. ते नष्ट होण्यासाठी भिजवलेला राजमा ताज्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळावा लागतो, आणि अशी भांडी त्या तापमानापर्यंत पोहोचतीलच याची खात्री नसते. सोयीसाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही.

तक्त्यात यापुढे काय बदल करावा, याचा विचार चालू होता. रविवारी भिजवणे वगळून शनिवारी रात्री भिजवावे आणि कडधान्याच्या आधारासोबत मसूर राखीव ठेवावा, कारण तो न भिजवताही अर्ध्या तासाच्या आत शिजतो, असे मी या नोंदीसाठी आधी लिहिलेही होते. परंतु वर भाताविषयी लिहिताना एक वेगळीच गोष्ट सुचली. शिजवलेले दाणे गोठवण्याऐवजी भिजवलेले, गणंग काढून टाकलेले कच्चे दाणेच गोठवले तर? गोठताना दाण्यातील पाण्याचे स्फटिक पेशींच्या भिंती मोडतात, म्हणजे नंतर शिजण्याचा वेळ आणखी कमी व्हायला हवा. महत्त्वाचे म्हणजे भिजवणे आणि शिजवणे यांची गाठ त्यामुळे सुटते. महिन्यातून एखाद्या निवांत दिवशी मोठ्या प्रमाणात भिजवावे, निवडावे, एका जेवणापुरत्या पिशव्या चपट्या करून गोठवाव्यात. मग आठवड्याच्या मध्यात घरातील जो कोणी आधी परत येईल, त्याने पिशवी थेट कुकरमध्ये रिकामी करावी. तक्ता सांभाळणारी व्यक्ती घरी नसली, तरी जेवण अडणार नाही. आमच्यासारख्या घरात, जिथे प्रत्येकाच्या परतण्याची वेळ वेगळी आहे, तिथे ही सोय शिजवून ठेवलेल्या डब्याहूनही मोलाची ठरेल असे मला वाटते.

म्हणून वरची शनिवार-रविवारची मांडणी तूर्त बाजूला ठेवतो. उरलेल्या राजम्याचे मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन भाग केले आहेत: एक आज रात्री गोठवण्यासाठी, दुसरा शीतकपाटात ४ अंशांना. पुढच्या नोंदीत दोन्हींचे शिजण्याचे वेळ शेजारी-शेजारी देईन. काबुली चण्यांवरही हाच प्रयोग करायचा आहे, पण आधी राजमा मार्गी लागू द्यावा. ज्यांच्याकडे कमी क्षारांचे पाणी आहे, त्यांनी एखादी मूठ बिनमिठाच्या पाण्यात भिजवून गोठवून पाहिली, तर मीठ आणि गोठवणे यांपैकी काम नेमके कोण करते हे वेगळे करता येईल. माझ्या नळाच्या पाण्याने ते शक्य नाही.